चाळीस दिवसांची सावड

६ एप्रिल, रविवार. काम : मिरच्यांचे देठ खुडणे. चार किलो ब्याडगी आणि दोन किलो लवंगी गच्चीवर जुन्या चादरीवर पसरली होती आणि ऊन चढायच्या आत मला ती संपवायची होती. दरवर्षी आमचं तिखट मे महिन्यात होतं, पण यंदा मे महिन्यात मी घरी नसणार होते. सव्वानऊला फोन वाजला. बोटांना मिरची लागलेली, म्हणून चादरीच्या कडेलाच पडू देऊन कोपरानं स्पीकरवर घेतला.

थोरल्या जाऊबाई होत्या. "मास्तरीणबाई, माझं तिकीट रद्द कर."

"का? काय झालं?"

"चौथी गाय दूध देतीय."

"अक्का, गाय दूध देते यात नवीन काय आहे?"

"मे महिन्यात बी दील. जून लागंपातुर दील. तू जा. माझं तेवढं रद्द कर."

फोन बंद. जाऊबाई फोनवर निरोप देतात, बोलत बसत नाहीत.

माझं सासर पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या पुढे. शेतावर थोरले दीर आणि जाऊबाई राहतात. मी आणि माझे यजमान नोकऱ्यांमुळे सावेडीत. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. वय एक्कावन्न. जाऊबाई अठ्ठावन्नच्या. पासपोर्टवर त्यांची जन्मतारीख एक जून आहे, आणि त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलींची तीच आहे, कारण नाव घालायला आलेल्या प्रत्येकीला गुरुजींनी तीच दिली. दोन मेला आम्ही दोघी निघणार होतो. बँकॉक, तिथून रेल्वेनं खाली पेनांग, मग क्वालालंपूर, मग विमानानं सायगॉन, तिथून टप्प्याटप्प्यानं वर हनोई. चाळीस दिवस. टूर कंपनी नाही, गाईड नाही, पुरुष नाही. खर्चाचा आकडा मी कुणाला सांगत नाही. ऐकणारा एक तर हसतो, नाही तर मी खोटं बोलते असं समजतो.

ही कल्पना माझी होती असं सगळे धरून चालतात. शिकलेली मी, पगार माझा, इंग्रजी मला येतं. पण कल्पना त्यांची. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात आमच्या नात्यातलं एक जोडपं युरोपचे फोटो दाखवत होतं. बर्फ, डोंगर, हिरवी कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. जाऊबाईंनी सगळे फोटो नीट पाहिले आणि घरी येताना गाडीत म्हणाल्या, "एवढं पैसं घालून गाई बघून आलं व्हय? मला शहरं बघायचीत. मोठाली. जिथं मला कुनी वळखत न्हाई."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. पुढच्या रविवारी मी शेतावर गेले तेव्हा त्यांनी मला नववीचा नकाशासंग्रह आणायला सांगितला.

अडचण पैशांची नव्हती, भाषेची नव्हती. अडचण धारेची होती. गाईची धार सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा काढावी लागते, हे वाक्य ऐकायला सोपं आहे. त्याचा अर्थ असा, की लग्न झाल्यापासून जाऊबाई सलग तीन रात्री घराबाहेर राहिलेल्या नाहीत. थोरल्या दिरांचा उजवा हात ट्रॅक्टरच्या अपघातानंतर मुठीत नीट मिटत नाही. वैरणपाणी, शेणघाण, डॉक्टर, डेअरी सगळं ते बघतात. धार मात्र जाऊबाईंचीच.

यावर त्यांनी जो उपाय काढला तो मी गेली दोन वर्षं स्टाफरूममध्ये सांगते आहे, आणि ऐकणाऱ्याला तो समजायला दर वेळी पाच मिनिटं लागतात. गाभण गाईची धार व्यायच्या आधी दोन महिने बंद करतात. त्याला गाय आटवणं म्हणतात. पोटातल्या वासरासाठी ते लागतंच. म्हणजे दर गाईला वर्षातून दोन महिने सुट्टी असते, फक्त चौघींची सुट्टी वेगवेगळ्या वेळी येते, आणि म्हणून बाईला कधीच येत नाही. जाऊबाईंनी ठरवलं, चौघींची सुट्टी एकदम आणायची. माझी शाळेची सुट्टी मे महिन्यात. पेरणीच्या आत परत यायला हवं. म्हणजे गाई मे लागताना आटल्या पाहिजेत. म्हणजे त्या जुलैत व्याल्या पाहिजेत. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी भरवल्या, गाभण राहिल्या पाहिजेत. हे सगळं त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. मी वहीत लिहून पडताळलं, एका दिवसाचाही फरक निघाला नाही. जनावरांच्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, चारी गाई एका आठवड्यात माजावर आणायच्या. डॉक्टरांनी विचारलं, "का?" या म्हणाल्या, "मला बँकॉकला जायचंय." डॉक्टरांना वाटलं, उन्हानं बोलतायत.

बाकीची तयारीही अशीच. मी संगणकावर हॉटेलं शोधायला बसले की चांदण्या बघायची. साडेचार चांदण्या, चार चांदण्या. त्या म्हणाल्या, "लई चांगलं म्हननाऱ्या धा जनांचं सोड. एकानं वाईट लिवलं असंल ते वाच, काय वाईट हाय ते कळंल." तेव्हापासून मी तेच वाचते. 'पहाटे चारपासून बाहेर भाजीवाल्यांचा गोंगाट' अशी तक्रार एका पाहुण्यानं केली होती. जाऊबाई म्हणाल्या, हेच घे. त्यांचा नियम असा ठरला की प्रत्येक शहरात मुक्काम भाजीबाजाराजवळ. भाजीबाजारात पहाटे बाया असतात, चहा असतो, संडास असतो, आणि स्वस्त खायला मिळतं. जिथं बाया माल घेऊन पहाटे चारला बसतात तिथं आपल्याला भ्यायचं कारण नाही. मी पंचवीस वर्षं सहली नेते आहे. इतका साधा आणि इतका उपयोगी नियम मला कधी सुचला नव्हता.

रात्रीच्या गाड्या मी सुचवल्या, एक मुक्काम वाचतो म्हणून. त्यांनी त्या खोडून टाकल्या. "झोपंतच जायचं तर घरीच झोपते की." सगळा प्रवास दिवसाचा, खिडकीजवळचा.

पिशवी सात किलोच्या वर न्यायची नाही, कारण स्वस्त तिकिटात तेवढीच मोफत. त्यांनी आपली पिशवी गावातल्या दूध डेअरीच्या काट्यावर ठेवली. सहा किलो आठशे. त्यात तीन सिंथेटिक साड्या, रात्री धुतली की पहाटे वाळणाऱ्या, एक किलो शेंगदाण्याची चटणी, सुईदोरा, टॉर्च, आणि एक लहान तांब्या. माझी पिशवी साडेनऊ भरली. डेअरीत उभं राहून, दूध घालायला आलेल्या बायांसमोर, त्यांनी ती उपसली.

"ह्ये काय?"

"प्रवासाची छोटी इस्त्री."

"तिथं तुझं इन्स्पेक्शन हाय का?"

इस्त्री गेली. तीन पुस्तकं गेली. सॅंडलचा दुसरा जोड गेला. सात किलो शंभर. "चल, शंभर ग्रॅम तू जेवू नको," म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी तालीम काढली. बोली येत नाही अशा गावात आपलं काय होतं ते आधी बघू, म्हणाल्या. धारांच्या मध्ये जमेल इतकंच लांब जाता येत होतं, म्हणून पुणं ठरलं. सकाळची धार काढून निघायचं, संध्याकाळच्या धारेला परत. नियम असा, की दिवसभर मराठी बोलायचं नाही, हिंदी बोलायचं नाही, खुणांवर सगळं करायचं. रस्ता विचारणं, बस पकडणं, भाव करणं, जेवणं. मला वाटलं, मी चांगली करीन. मी दहा मिनिटांत रिक्षावाल्याशी मराठीत भांडले. त्या मात्र पाच तास गप्प राहिल्या. मंडईजवळ त्यांनी एका बाईकडून हातवारे करून लिंबं घेतली, भाव पाडून घेतला, आणि संडास कुठं आहे हेही खुणेनं विचारलं. ते कसं विचारलं ते मी लिहीत नाही. मग आम्ही एका खानावळीत जेवायला बसलो. त्यांनी बोट दाखवून भाजी मागितली. वाढपी आतल्या माणसाला ओरडून म्हणाला, "मुकी आहे बिचारी, जरा जास्त घाल." त्या तरी गप्प. शेजारच्या टेबलावरची एक म्हातारी हळहळली, "कशी बाई अशी एकटी सोडतात घरची माणसं."

"एकटी कुठं? जाऊ हाय की संगं!" जाऊबाई म्हणाल्या.

अख्ख्या खानावळीनं वळून बघितलं. वाढप्यानं जास्तीची भाजी परत मात्र नेली नाही.

अशी ही बाई, आणि आता म्हणत होती तिकीट रद्द कर. उरलेल्या मिरच्या मी यजमानांच्या पुढ्यात सरकवल्या, हात तीनदा धुतले आणि स्कूटर काढली. केडगाव ओलांडेपर्यंत मला काळजी वाटत होती. सुप्याला पोचले तोवर राग आला होता. आत वळले तेव्हा साडेअकरा झाले होते आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक काढलेला कांदा पोत्यांत भरत होते.

जाऊबाई गोठ्यात होत्या. तीन गाई पोटं ओघळलेल्या, सुस्त. दोन आटत आल्या होत्या, तिसरी जेमतेम शेरभर देत होती. चौथी, तांबड्या ठिपक्यांची, घरच्या गाईच्या पोटची. बाकी तिघी बाजारातून आणलेल्या. चौथीची कास भरलेली दिसत होती. मला गाईंतलं कळत नाही, पण तेवढं दिसत होतं.

"ही गाभण नाही का?" मी विचारलं.

"हाय. पन उशिरा राहिली. नोव्हेंबरात."

"तुम्हाला कधी कळलं?"

"नोव्हेंबरातच."

जानेवारीत मी तिकिटं काढली. परत न मिळणारी, म्हणून स्वस्त. तेव्हा त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि खिडकीची जागा कुठली ते विचारत होत्या. थोरले दीर गोठ्याच्या दारात उभे होते, त्यांनी घसा साफ केला.

"माझ्यामुळं झालं ते. डॉक्टर आला तवा पितृपंधरवडा हुता. इकतच्या तिघींना करा म्हनलं, पन घरच्या गाईला पंधरवड्यात गाभाची सुई नको."

"मग?"

"मंग एकवीस दिसांनी केली, ती उलटली, गाभ धरला न्हाई. परत केली तवा राहिली."

"चुकलं म्हणा ना, भाऊजी."

"चूक कशाची? रीत हाय," दीर म्हणाले आणि निघून गेले.

जाऊबाई म्हणाल्या, "त्यान्ला बोलू नको. मी ऐकलं म्हून झालं. भांडान नको म्हनलं. वाटलं, एप्रिलपातुर दूध कमी हुईल आपोआप. हिनं कमी केलं न्हाई. धा लिटर देतीय अजून."

मी सरळ म्हटलं, आटवून टाका. एक महिना आधी आटली तर आभाळ कोसळत नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गात पाणी शंभर अंशांवर गोठतं असं शिकवत होते.

"धा लिटर देनारी गाय एकदम बंद करू? दूध तसंच राहिलं तर कास दगडावती. सड जातं. माझ्या फिरन्यासाठी हिचं सड घालवू?"

हे खरं होतं. धारेचं यंत्र दिरांनी आणलेलं होतं. चौथीनं ते दोनदा लाथेनं उडवलं. दिरांचा हात चालत नाही. रोजंदारीनं येणाऱ्या बाईला ती जवळ येऊ देत नाही. हे सगळं जाऊबाईंनी क्रमानं सांगितलं, जशा त्या सगळंच सांगतात, आणि शेवटी म्हणाल्या, "म्हून रद्द कर."

"दुसरं कुणीच नाही? कुणालाच पान्हा सोडत नाही ती?"

त्या गप्प झाल्या. मी त्यांना ओळखते. त्या गप्प होतात तेव्हा उत्तर असतं.

उत्तर दिरांनी बाहेरून दिलं. ते गेले नव्हते, भिंतीआड उभे होते. "बांधावरच्या काकींना सोडती. मागल्या आखाडात ही तापानं पडली, तवा काकी दोन दिस बसल्या हुत्या. गायीनं पाय बी हलवला न्हाई."

"मग काकींना विचारलंत?"

"काय इचारू?" जाऊबाई म्हणाल्या. "मी फिरायला चालले, तवा माझी धार काढा?"

आमच्याकडे सावड म्हणून एक रीत आहे. आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या. पैसे नाहीत, दिवसाला दिवस. पेरणीला सावड असते, कांदा लावायला असते, लग्नकार्यात असते. आजारपणात तर मागावीही लागत नाही, माणूस आपणहून येतं. जाऊबाईंनी ती आयुष्यभर घातली आहे, आणि स्वतः घ्यायची वेळ आली तर ती शेताच्या कामासाठीच घेतली आहे. हौसेसाठी सावड मागितल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. नोव्हेंबरपासून त्या एका वाक्यापाशी अडल्या होत्या. हनोईत अनोळखी बाईला खुणेनं संडास विचारायची त्यांची तयारी होती. बांध ओलांडून शेजारणीला विचारायची नव्हती.

"मी विचारते," मी म्हटलं.

"तू इचारलंस तर ती तुझी सावड. मला तोंड हाय."

त्यांनी हौदावर हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि चालू लागल्या. मी मागून. मला कौतुक वाटलं ते इथं. त्यांना जे करायचं नव्हतं ते करायचं ठरल्यावर त्यांनी चहाचा घोटही घेतला नाही, उद्या बघू म्हटलं नाही, मलाही काही विचारलं नाही.

काकी आमच्या बांधाला बांध. साठीच्या पुढच्या, नवरा नाही, मुलगा पुण्याला कंपनीत, सहा गाई स्वतः सांभाळतात. त्या कांद्याच्या ढिगाजवळ बसून निवड करत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी बसा म्हटलं नाही. जाऊबाई बसल्या आणि बसल्या बसल्या कांदे निवडायला लागल्या. मोठा इकडे, गोल्टी तिकडे. मीही बसले.

"सावड मागाया आले," जाऊबाई म्हणाल्या.

"पेरनीला अजून दोन म्हैने हायत."

"पेरनीची न्हाई. धारंची. चाळीस दिस. दोन्ही टाईम."

"कोन आजारी हाय?"

"कुनी न्हाई."

"मंग लगीन निघालं का कुनाचं?"

"न्हाई."

"मंग?"

जाऊबाईंनी दोन कांदे निवडले. "मला फिरायला जायचंय."

काकींनी एक नासका कांदा उचलला आणि मागे न बघता बांधापलीकडे भिरकावला. "ठाव हाय. आख्ख्या गावाला ठाव हाय. डेअरीच्या काट्यावर पिशव्या तोलता, ते काय लपून राहतंय? मी वाट बघत हुते, ही कवा येतीय. म्हनलं, आता न इचारताच जाती का काय, आन गाय माझ्या दारात बांधून चिठ्ठी ठिवती."

"कसं इचारायचं कळंना."

"का? माझ्या पिशवीच्या आपरेशनला वीस दिस माझ्या धारा काढल्यास. तवा मी इचारलं हुतं का?"

"ते आजारपन. ही हौस हाय."

"मंग? हौसंला सावड न्हाई आसं कुठं लिवलंय?" काकी माझ्याकडे वळल्या. "मास्तरीण, तुमच्या पुस्तकात हाय का आसं?"

"नाही काकी."

"बघ. पुस्तकात बी न्हाई."

जाऊबाईंच्या हातातला कांदा हातातच राहिला होता. मला वाटलं झालं काम, आणि मी उठायला लागले. काकींनी मला हातानं खाली बसवलं.

"थांबा की. परतफेडीचं बोला आधी. सावड हाय, दान न्हाई. मला परत काय देनार?"

"चाळीस दिस," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता नेहमीचा झाला होता. व्यवहार सुरू झाला की त्यांना बरं वाटतं.

"माझ्या सहा हायत. तुझी एकच."

"गायी मोजायच्या न्हाईत. दिस मोजायचे."

"बरं. पन माझ्या सहा आन तुझ्या चार, धा गायी तू एकटी पिळनार? दोन दिसात हात सुजतील. ही पायजे." काकींनी हातातला कांदा माझ्यावर रोखला. "तू बी चाललीस ना इमानात? मंग सावड दोघींची. हिला येती का धार?"

"न्हाई," जाऊबाई म्हणाल्या.

"सव्वीस वर्सं झाली लग्नाला!"

"शहरात राहते मी, काकी."

"शहरात बोटं नसत्यात का? पोरान्ला शिकवती, स्वताला शिकवता ईना व्हय?"

मी हो म्हटलं. पुढच्या मे महिन्याची सुट्टी त्यात जाणार होती. मग विचारलं, "तुम्हाला कुठं जायचं आहे, काकी?"

"कुठं बी न्हाई. मी झोपनार हाय. चाळीस दिस सूर्य वर आल्याबिगर उठनार न्हाई. कुनी हाक मारली तर शिव्या दीन."

"आन जेवाया?" जाऊबाईंनी विचारलं.

"त्ये बी तूच आनून दे. तिकडं हाटेलात जेवशील ना चाळीस दिस? मंग मला बी हाटेल पायजे."

"जेवन सावडीत न्हाई बसत."

"भाकरी तरी?"

"भाकरी दीन. कालवन तुझं."

असं ठरलं. आम्ही ढीग संपेपर्यंत बसलो, कारण उठणं बरं दिसलं नसतं.

संध्याकाळी पाच वाजता काकी बादली घेऊन आमच्या गोठ्यात आल्या. जाऊबाई सवयीनं गाईच्या डोक्याशी जाऊन उभ्या राहिल्या. काकींनी त्यांना तिथून हाकललं. "तू हितं उभी राहिलीस तर ती तुलाच शोधंल. जा रस्त्यावर. तुझा आवाज बी नको." आम्ही दोघी रस्त्यावर जाऊन उभ्या राहिलो. समोरून जाणाऱ्यांना वाटलं एसटीची वाट बघतोय. आतून एकदा बादली उलटल्याचा आवाज आला, एकदा काकींची शिवी आली, नंतर बराच वेळ काही नाही. जाऊबाई रस्त्याकडे बघत होत्या, पण ऐकत गोठ्याकडे होत्या. मी त्यांना सायगॉनच्या बाजाराजवळच्या खोलीबद्दल काहीतरी विचारलं. त्यांनी मला हातानंच थांबवलं.

काकी बाहेर आल्या तेव्हा त्यांचा पदर दुधानं भिजला होता आणि बादली अर्ध्याच्या वर भरली होती. "शेरभर मागं ठिवलं तिनं. तेवढं तू काढ. पहिल्या दिसाला लई झालं. मागल्या टायमाला तू तापानं पडली हुतीस म्हून तिनं नाटक केलं न्हाई. आता तिला ठाव हाय तू हितंच हायस." मग बोटांवर मोजलं. "पंचवीस दिस हायत. रोज येते. शेवटच्या धा दिसांत तू गोठ्यात पाय बी ठिवायचा न्हाई."

"आन न्हाई जमलं तर?"

"तर न्हाई जमलं. मंग तू राहा, मी जाते हिच्या संगं. तिकीट हायच."

जाऊबाई आत गेल्या आणि उरलेलं दूध काढलं. परत आल्यावर मला म्हणाल्या, "रद्द केलंस का गं?"

"नाही. पैसे परत मिळत नाहीत. रद्द करून काय मिळालं असतं?"

"मंग सकाळीच तसं म्हनायचं हुतंस. मी दिसभर जीव टांगून बसले."

मला त्यांना नोव्हेंबरची आठवण करून द्यायचा मोह झाला होता, तो आवरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत फोन करून रजा सांगितली आणि काकींच्या गोठ्यात गेले. त्यांनी मला सगळ्यात म्हाताऱ्या, सगळ्यात गरीब गाईखाली बसवलं, माझी अंगठी काढायला लावली, नखं बघितली आणि चाकूनं कापली. अंगठा आत दुमडायचा नाही, ओढायचं नाही, वरून खाली मूठ मिटत यायचं. पहिली दहा मिनिटं काहीच आलं नाही आणि गाय वळून माझ्याकडे बघत राहिली. अर्ध्या तासानं पेलाभर दूध निघालं. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत दुखत होते. काकींनी पेला उजेडात धरून पाहिला, दूध मांजरापुढे ओतलं आणि मला शनिवारी शाळा सुटल्यावर परत यायला सांगितलं.